पांढऱ्या पेंटचे नंबर

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या वैरागड्यांच्या घरात ज्या वस्तूला ब्रश लागू शकतो, तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर घातलेला आहे. बादल्या एक ते पाच, शिडी एक, पाट एक ते आठ, देवघरातला चौरंग एक. नरहरी वैरागड्यांनी छत्तीस वर्षं रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलं, आणि तिथला कायदा असा, की जिला नंबर नाही ती वस्तू नाहीच. माणूस रिटायर झाला, कायदा काही झाला नाही. बारीक ब्रश आणि पेंटचा डबा घेऊन तो त्यांच्याबरोबर घरी आला. जावई दिवाळीला जेवायला बसला तेव्हा त्याला सात नंबरचा पाट मिळाला, आणि सहा नंबर कोणासाठी राखून ठेवलाय याचा विचार तो बिचारा पुरणपोळी संपेपर्यंत करत होता.

हसायला हरकत नाही. नरहरीभाऊ स्वतःही हसतात. पण मागच्या मार्चमध्ये याच नंबरांनी त्यांच्या तोंडचं पाणी पळवलं, आणि ज्या बाईबरोबर एकेचाळीस वर्षं संसार केला ती कोण आहे, हे त्यांना पहिल्यांदा धड दिसलं.

ती बाई म्हणजे प्रेमलाबाई. माहेर अमरावतीचं, नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये, आणि वरच्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीत तीन हजारांवर व्हिडिओ गेम. खेळण्यांचं दुकान होतं का? नव्हतं. पोरांना भाड्यानं द्यायच्या का? अजिबात नाही. त्या स्वतः खेळायच्या. मुलगी पूर्णिमा सहा वर्षांची असताना तिच्या वाढदिवसाला कोणीतरी टीव्हीला जोडायचा गेम दिला. पोट्टीला आठ दिवसांत कंटाळा आला. आईला तेहेतीस वर्षांत आला नाही.

नातेवाइकांनी काय काय नाही म्हटलं! प्रेमलाची भातुकली. रिकामपणचे उद्योग. घरची कामं, ऑफिस, सासूचं आजारपण हे सगळं निस्तरून जी बाई रोज दीड तास स्वतःसाठी काढते तिला रिकामी म्हणणाऱ्यांच्या जिभेला हाड नसतं, दुसरं काय. हीच मंडळी तीन-तीन तास पत्ते कुटत बसायची, तेव्हा मात्र तो विरंगुळा असायचा. नरहरीभाऊ तसं कधी बोलले नाहीत. पण विचारलंही नाही कधी. वर खोलीत बायको काहीतरी खेळते, एवढंच त्यांना ठाऊक. शिवाय त्या खोलीत कूलर चालत नसे. कूलरच्या ओलाव्यानं कॅसेटी खराब होतात, असा प्रेमलाबाईंचा नियम. रायपूरच्या मे महिन्यात बिनकूलरच्या खोलीत बसायला माणसाला तसंच कारण लागतं, आणि नरहरीभाऊंकडे ते नव्हतं.

माल यायचा शहराच्या टोकाच्या भनपुरीहून. तिथे सुशील नावाच्या भंगारवाल्याच्या गोदामात बंदरावरून आलेलं जुनं इलेक्ट्रिक सामान ट्रकनं उतरायचं. त्यातल्या तांब्यासाठी तो ते घ्यायचा. तारांच्या गुंत्यात जपानी, अमेरिकन कॅसेटी निघायच्या त्या त्याच्या लेखी नुसतं प्लॅस्टिक. दर रविवारी सकाळी प्रेमलाबाई लूना काढून तिथे हजर. पदर खोचून त्या ढिगाऱ्यात बसायच्या आणि हवं ते किलोवर मोजून आणायच्या. सुशील त्यांना "दीदी" म्हणायचा आणि त्यांच्यासाठी एक मोडकी खुर्ची पुसून ठेवायचा.

मग दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाचा कप वाजायला लागला, मग सही वाकडी झाली, मग गेमचा रिमोट ऐकेना. गेममधला माणूस खड्ड्यावरून उडी मारायच्या आधीच खड्ड्यात. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. औषधांनी चालणं-बोलणं ठीक राहिलं, बोटं काही वळणावर आली नाहीत. दिवाळीनंतर वरच्या खोलीला कुलूप लागलं. प्रेमलाबाई खाली टीव्हीवर भजनं लावून बसायला लागल्या, आणि नरहरीभाऊंना पहिल्यांदा भीती वाटली. वरून येणारा तो टुणुक-टुणुक आवाज इतकी वर्षं घरात होता. तो बंद झाल्यावर घर मुकं वाटायला लागलं.

दुर्गहून पूर्णिमाचा फोन आला. "आई, बेच दो ना. ऐसे ही पड़ा रहेगा तो खराब हो जाएगा."

"विकते," प्रेमलाबाई म्हणाल्या. "पण फोडून नाही विकत. सगळं एकाच घरी गेलं पाहिजे. ज्याले पायजे त्यानं पूर्ण घ्यावं."

त्यांची अट एवढी एकच होती. नरहरीभाऊंनी मनाशी ठरवलं, हिचं आयुष्यातलं एकुलतं एक मागणं आहे, ते पुरं करायचंच.

पूर्णिमानंच अभिनवला शोधून काढलं. मूळचा वर्ध्याचा, नव्या रायपूरच्या एका ऑफिसात कंप्युटरवर कामाला, बत्तीस वर्षांचा, आणि फावल्या वेळात जुन्या गेमांची पारख करणारा. बंगळुरूच्या सौमित्र नावाच्या एका शौकिनासाठी तो देशभर माल पाहत फिरायचा. किंमत त्यानं सांगायची, पैसे सौमित्रनं मोजायचे.

तीन दिवसांची रजा टाकून तो आला. दार नरहरीभाऊंनी उघडलं.

"काका, कलेक्शन तुमच्या मुलाचं आहे ना?"

"मुलगा नाही आम्हाले. बायकोचं आहे."

अभिनव हसला. त्याला ती थट्टा वाटली. जिना चढून वर आला, प्रेमलाबाईंनी कुलूप काढलं, दिवा लावला, आणि त्याचं हसू तिथेच राहिलं. चारी भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत लाकडी फळ्या. मधे आणखी दोन रांगा. ओळीनं कॅसेटी, सीडीचे डबे, पुठ्ठ्याचे खोके, प्रत्येक फळीवर कडुनिंबाच्या पाल्याची पुरचुंडी. कोपऱ्यात चौदा मशीनं, प्रत्येकावर जुन्या लुगड्याचं शिवलेलं झाकण, आणि त्यांच्याशेजारी एक लोखंडी कपाट. अभिनव उंबऱ्याबाहेर मागे सरकला आणि त्यानं बूट काढले. कोणी सांगितलं नव्हतं.

"किती आहेत काकू?"

"तीन हजार एकशे चाळीस," प्रेमलाबाई म्हणाल्या.

"दोन हजार नऊशे सव्वीस," नरहरीभाऊंनी लगेच दुरुस्ती केली. "माझ्या हातचे नंबर आहेत. तुमी कोणताही नंबर बोला, डोळे मिटून काढून देतो."

प्रेमलाबाईंनी आकड्यावर वाद घातला नाही. अभिनवनं एक कॅसेट काढली, लेबलच्या कोपऱ्यावरचा ठसठशीत पांढरा १०८८ अंगठ्यानं चोळून पाहिला आणि परत ठेवली. नरहरीभाऊंना वाटलं, पोट्टा अक्षरावर खूश झाला.

नंबर घालायची हकिकत अशी. रिटायर झाल्यावर पहिल्या हिवाळ्यात त्यांना दुपार खायला उठायची. प्रेमलाबाईंची नोकरी अजून सात वर्षं बाकी. एक दिवस ते वर गेले, एवढा माल बिननंबरचा पडलेला पाहिला, आणि त्यांचा जीव कासावीस झाला. बायकोला चकित करायचं म्हणून त्यांनी ब्रश काढला. दोन हिवाळे रोज दुपारी बसून, एकेक कॅसेट पुसून, श्वास रोखून त्यांनी नंबर घातले. पहिल्याच संध्याकाळी प्रेमलाबाईंनी चाळीस नंबर पडलेले पाहिले. क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "छान आलं अक्षर." नरहरीभाऊंना आयुष्यात मिळालेलं ते सगळ्यात मोठं सर्टिफिकेट.

पहिल्या दिवशी अभिनव नुसता चालवून पाहत होता. या फळीतून एक, त्या फळीतून एक. जी लावली ती चालली. पंचवीस झाल्या, चाळीस झाल्या. त्याला घाम फुटला, आणि तो फक्त उकाड्याचा नव्हता.

"काकू, तीस वर्षांच्या कॅसेटी आहेत या. दहातल्या चार मरतात. इथे एकही मेली नाही?"

"दर वर्षी सगळ्या एकदा चालवते ना मी. खोडरबरनं खालची तांब्याची पट्टी पुसते, मग स्पिरिटनं. आतला सेल बदलते."

"सेल बदलला की आत सेव्ह केलेलं सगळं उडून जातं."

"काहून उडंल? जुना काढाच्या आधी बाजूनं दुसरा सेल जोडून ठेवायचा. एक्सचेंजमध्ये चालू लाइनवर कात्री लावत होतो काय आम्ही? आधी पर्यायी लाइन द्यायची, मग काम." एवढं बोलून त्यांनी थरथरत्या बोटानं एक राखाडी कॅसेट दाखवली. "ते लावून पाहा."

पडद्यावर एक गाव उगवलं, गावात एक छोटी मुलगी उभी. कोपऱ्यात तारीख होती सत्त्याण्णव सालातली. अठ्ठावीस वर्षं ती मुलगी तिथेच उभी होती, प्रेमलाबाईंनी ठेवली होती तशी. अभिनवनं रिमोट अलगद खाली ठेवला आणि शेजारच्या फळीवरचा खोका उचलला.

नरहरीभाऊ चहाचा ट्रे घेऊन दारात आले ते नेमके तेव्हा. अभिनवच्या हातात एक जपानी खोका होता. त्यावरची अक्षरं वाचायला त्यानं मोबाइल समोर धरला होता, आणि मोबाइल विचारात पडला होता. प्रेमलाबाईंनी चष्मा वर केला आणि खोक्यावरचं नाव घडाघडा वाचलं. मग खालची बारीक ओळ वाचली. मग मराठीत अर्थ सांगितला.

"काकू," अभिनवनं मोबाइल खाली घेतला, "तुम्हाले जपानी वाचता येतं?"

"थोडं थोडं. आधी गेममध्येच जुळवत गेली. हे दाबलं की औषध मिळते, हे दाबलं की आग निघते. वहीत चित्रासारखं काढून ठेवत होती. मग सुशीलच्या रद्दीत प्रवाशांना जपानी शिकवणारं एक पुस्तक सापडलं. तेवीस वर्षं झाली त्याले."

नरहरीभाऊ ट्रे धरून तसेच उभे. आपल्या बायकोला मराठी येतं, हिंदी येतं, दूधवाल्याशी छत्तीसगढी येतं, असा त्यांचा हिशेब होता. या घरात, डोक्यावरच्या खोलीत, तेवीस वर्षं एक बाई जपानी वाचत होती, आणि खाली आपण पेपरातलं कोडं अडलं म्हणून शेजारच्या मास्तरांकडे जात होतो! त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा कितीतरी जास्त, नवल वाटलं. चहावर साय धरली तरी ते उभेच होते.

दुसरा दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी प्रेमलाबाई औषध घेऊन खाली झोपल्या, तेव्हा अभिनव जिन्यात नरहरीभाऊंजवळ येऊन बसला. बराच वेळ मोबाइल या हातातून त्या हातात करत राहिला.

"काका, बुरा मत मानना. माल असा आहे, की मी आयुष्यात पाहिला नाही. पण या धंद्यात वस्तू जशी कारखान्यातून निघाली तशी लागते. लेबलवर ओरखडा चालत नाही. इथे तर प्रत्येकावर पेंट आहे."

"माझा पेंट?"

"हव, काका. ते नंबर नसते, तर सौमित्र सरांनी डोळे झाकून सगळं घेतलं असतं, वीस-बावीस लाखांत. आता ते म्हणतात, पेंटवालं नको. फार तर निवडक शंभर-दीडशे नगांचं पाहू."

नरहरीभाऊंच्या पायाखालची जमीन सरकली. पैशाचं त्यांना काही नव्हतं, पेन्शन दोघांनाही होतं. पण सगळं एकाच घरी जावं, एवढंच तिनं मागितलं होतं, आणि त्यावर पाणी फिरवलं कोणी? दोन हिवाळे, श्वास रोखून, आपणच. छान अक्षरात.

अभिनव समोरच्या टपरीवर जाऊन बसला. नरहरीभाऊ उठले, माळ्यावरून थिनरची बाटली काढली, फडकं घेतलं आणि वर खोलीत जाऊन समोर आली ती कॅसेट उचलली. नंबर ४१७. एक जरी निघाला, तर सगळे काढीन. दोन हजार नऊशे सव्वीस, रोज शंभर, महिनाभराचं काम. थिनर लावला. चार झटकन पुसला गेला. एक गेला. साताबरोबर लेबलचा रंग गेला, लेबलवरचा डोंगर गेला, डोंगरावरचा घोडेस्वार अर्धा गेला. फडक्यावर निळा-पांढरा चिखल तेवढा उरला. बहात्तर वर्षांचा तो माणूस जमिनीवर बसून फडक्याकडे बघत रडायला लागला.

"काय करून राहिले तुम्ही?"

प्रेमलाबाई दारात होत्या. थिनरच्या वासानं जागं केलं होतं त्यांना.

नरहरीभाऊंनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. "मी नासवलं, प्रेमला. तुझं सगळं मी नासवलं. आणि तू म्हटलं, छान आलं अक्षर! तुले तरी काय माहीत होतं..."

प्रेमलाबाई भिंतीला धरत आत आल्या. कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटापाशी थांबल्या. त्या कपाटावर नरहरीभाऊंच्याच हातचं 'कपाट २' होतं. पूर्वी त्यात साड्या असायच्या, आता ते रिकामं आहे, अशी त्यांची पक्की समजूत. साड्या बारा वर्षांपासून खालच्या ट्रंकेत होत्या. एकदा विचारलं तर प्रेमलाबाई म्हणाल्या होत्या, कपाटात कसर लागते. नरहरीभाऊंनी बाहेरून नंबर घातला आणि आत कधी पाहिलं नाही. प्रेमलाबाईंनी कमरेची किल्ली काढली. हात थरथरत होता. किल्ली भोकात जाईना. नरहरीभाऊ उठले आणि त्यांनी ती लावली.

कपाट रिकामं नव्हतं. मऊ पांढऱ्या कापडात एकेक गुंडाळलेले खोके होते, पाच कप्पे भरून. एकावरही पेंटचा ठिपका नव्हता.

"दोनशे चौदा आहेत," प्रेमलाबाई म्हणाल्या. "म्हणून त्या दिवशी तीन हजार एकशे चाळीस म्हटलं मी."

तेवढ्यात अभिनव वर आला. कपाट पाहून त्यानं दोन्ही हातांनी चौकट धरली. एक खोका उघडला, दुसरा उघडला, आणि तिसऱ्याला हातच लावेना. "काकू," तो कुजबुजला, "हे काही पेंटमधून नुसतं सुटलेलं नाही. हे निवडून ठेवलंय. इथली प्रत्येक वस्तू... ज्यानं निवडली त्याले माझ्यापेक्षा जास्त कळते. या दोनशे चौदांचेच सव्वीस लाख होतील. आज. आत्ता फोन लावतो."

पण नरहरीभाऊ सव्वीस लाख ऐकतच नव्हते. त्यांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता. साड्या ट्रंकेत कधी गेल्या? पहिले चाळीस नंबर पडले, त्याच आठवड्यात.

"म्हणजे तुले माहीत होतं," ते म्हणाले. "पेंट लागला की किंमत जाते, तुले तेव्हाच माहीत होतं."

"हव."

"मग मले थांबवलं काहून नाही? एक शब्द बोलली असती तर!"

प्रेमलाबाई खुर्चीवर बसल्या. बोलताना त्यांनी उजवा हात डाव्या हातानं धरून ठेवला.

"एकवीस वर्षं मी या खोलीत एकटी बसली. तुम्ही कधी उंबरा ओलांडला नाही. त्या दिवशी ऑफिसातून आली तर तुम्ही इथे, जमिनीवर, चष्मा लावून, माझी एकेक कॅसेट पुसून राहिले होते. लहान लेकराचं तोंड पुसावं तशी. मले वाटलं, बोललं तर हा माणूस उठून जाईल आणि परत यायचा नाही. म्हणून सगळ्यात भारी तेवढे काढून ठेवले. बाकीचे तुमच्या ब्रशाले दिले."

नरहरीभाऊंना त्या दोन हिवाळ्यांतली एकेक दुपार आठवली. आपण बायकोवर उपकार करतोय, अशा थाटात बसले होते ते. आणि ही बाई रोज संध्याकाळी येऊन, आपल्या आयुष्याच्या कमाईवर पडलेले आणखी दहा-वीस डाग पाहून, त्यांना चहा करून देत होती. एवढं मोठं मन कुठल्या फळीवर ठेवलं होतं हिनं? त्याला नंबर घालता आला नसता.

"फोन लाव, पोट्ट्या," प्रेमलाबाई अभिनवला म्हणाल्या. "बिननंबरचे दोनशे चौदा घेऊन जा म्हणावं. पण फोडायचे नाही, एकत्र ठेवायचे."

"आणि बाकीचे, काकू? पेंटवाले?"

"बिननंबरचे माझे एकटीचे होते. ते विकते. नंबरवाले दोघांचे आहेत. ते कसे विकू?"

"पण तुले तर आता खेळता येत नाही," नरहरीभाऊ म्हणाले.

"तुमचे हात आहेत ना? कोणतं बटन दाबाचं ते मी सांगीन. सत्त्याण्णवपासून एक पोरगी गावात उभी आहे, तिले घरी पोहोचवाचं आहे." मग त्यांची नजर फडक्याशेजारी पडलेल्या कॅसेटकडे गेली. "पण आधी ते चारशे सतरा परत लिहा. रिकामं दिसून राहिलं."

ब्रश नरहरीभाऊंनी आणला. पेंटचा डबा अभिनवनं उघडून दिला, ज्याच्या धंद्यात पेंट म्हणजे पाप होतं त्यानं. कॅसेट प्रेमलाबाईंनी धरली. त्यांचा हात हलत होता, आणि त्या दिवशी नरहरीभाऊंचाही. चार बरा आला, एक बरा आला, सात जरा वाकडा आला.

"छान आलं अक्षर," प्रेमलाबाई म्हणाल्या.